पन्नासावं पान

प्रिय टेप,

हे पत्र आपल्या वाचनमंडळाच्या वतीनं आहे. निदान त्याची सुरुवात तरी तशी झाली. परवाच्या रविवारी पोस्टमास्तरांनी माझ्यापुढे कोरे कागद ठेवले, खिशातलं स्वतःचं पेन काढून दिलं आणि म्हणाले, "बाई, फोन त्या उचलत नाहीत, कुणी घरी गेलं तर दारातूनच वाटेला लावतात. आता उरलं टपाल. टपाल कुणी परत पाठवत नाही." छत्तीस वर्षं टपालखात्यात काढलेल्या माणसानं असं बोलावं! पण त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की हसायचं राहूनच गेलं. तर मंडळाचा निरोप असा की पुढची कादंबरी निवडायची ती तू, आणि तू निवडल्याशिवाय आम्ही दुसरं काही वाचणार नाही.

माझा निरोप वेगळा आहे. तो शेवटी लिहीन, कारण आधी लिहिला तर तू पुढचं वाचणार नाहीस. आत्ता एवढंच सांगते, की मागच्या कादंबरीच्या बाबतीत मी तुझ्याशी खोटं वागले. ते कळल्यावर मंडळात यायचं की नाही, माझ्या चष्म्याच्या दुकानाची पायरी चढायची की नाही, हे तुला नव्यानं ठरवावं लागेल. शाळेच्या बाकापासूनची मैत्री या कागदावर पणाला लागलीय हे मला कळतंय. कळतंय, पण भीती वाटत नाही. हल्ली सहसा कशाचंच काही वाटत नाही.

तू येईनाशी झालीस त्याला तीन महिने झाले. आम्ही मात्र नेमानं जमतो. महिन्याचा पहिला रविवार, दुपारचे तीन, दुकानाची मागची खोली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि त्याच्याखाली आम्ही चौघं. डॉक्टरीणबाई नेहमीसारखी साखर भुरभुरवलेली बिस्किटं आणतात. जगाचे दात काढून यांना साखरेशिवाय चहा जात नाही. त्यांच्या जाऊबाईंना तर हे दिवस मानवलेत. आठ वर्षांत एकही कादंबरी शेवटपर्यंत न वाचलेली बाई ती, आता उघड उघड म्हणते की पुस्तक नसलेलं मंडळच बरं, डोकं दुखत नाही. पोस्टमास्तर तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायचा प्रयत्न करतात आणि चुकतात. मग थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, बघू पुढच्या महिन्यात. कपबश्या मी विसळते. तुझी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय, कारण जाऊबाई तिच्यावर पर्स ठेवायला लागल्या होत्या आणि ते मला बघवेना.

परवा डॉक्टरीणबाईंनी सुचवलं की या वेळेपुरती त्यांनीच एखादी निवडावी. पोस्टमास्तर एकदम ताठ झाले. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. ज्यांनी केला त्या नाहीत म्हणून मोडायचा?" नियम तू केलास तो त्यांच्यामुळेच, हे ते सोयीस्कर विसरलेत. आठवतं? मंडळाची दुसरी का तिसरी कादंबरी, त्यांनी आणलेली. पुस्तक अजून पिशवीतून बाहेर आलं नव्हतं आणि यांनी सांगून टाकलं की शेवटी सासराच खुनी निघतो. तू गळ्यातली टेप काढून त्यांच्यासमोर टेबलावर आपटली होतीस. त्या दिवसापासून ठरलं: ज्याची पाळी त्यानंच कादंबरी आणायची, आणि ती त्यानं स्वतः वाचलेली नसावी. दुकानात उभ्यानं फक्त पन्नासावं पान वाचायचं. पुस्तकाला खाकी कागद घालायचा, नाव झाकायचं, आणि मंडळात तेच पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. पुढे काय होतं हे प्रत्येकाला जाणून घ्यावंसं वाटलं तर पुस्तक ठरलं. तू म्हणाली होतीस की कापड घेताना आपण मधलाच भाग बोटात धरून बघतो, काठ तर सगळेच चांगले करतात. शिवणाच्या वर्गातल्या मुली तुला का घाबरतात ते मला तेव्हा कळलं.

माझं दुकान चालू आहे. दहाला शटर वर, आठला खाली. चाचणीची जड फ्रेम माणसाच्या नाकावर चढवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची, हे बरं की हे बरं विचारायचं. ते सांगतात, मी लिहून घेते. मागच्या आठवड्यात एक आजोबा नवा चष्मा लावून दारात गेले, समोरच्या इमारतीवरची पाटी त्यांनी अख्खी वाचली आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं. पूर्वी अशा वेळी मी आधी रडायचे आणि गिऱ्हाईक मला समजवायचं, तुला माहीतच आहे. या वेळी मी त्यांना डबी दिली, पुसायचं फडकं दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. डॉक्टरीणबाई दाढ काढण्याआधी सुई देतात ना, तसं झालंय. ओठ आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही. तू उठून गेलीस त्या रविवारपासून हे असं आहे. खरं म्हणजे त्याच्या बऱ्याच आधीपासून, पण त्या रविवारी ते माझ्या लक्षात आलं.

मागच्या कादंबरीची निवड माझी होती. मी खाकी कागदातली कादंबरी काढली आणि पान वाचलं. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरातली धुण्याची खोली. घर सोडून आलेली एक मुलगी वाफेत उभी राहून चादरींच्या घड्या घालतेय. एका उशीच्या अभ्र्याच्या कोपऱ्यात तिला दोऱ्यानं काढलेलं एक अक्षर दिसतं, आणि ती तो अभ्रा बाजूला ठेवते. मी थांबले तोच तू विचारलंस, "टाका कुठला होता?" मी म्हटलं, लिहिलेलं नाही. तू म्हणालीस, "मग पुढे वाचलंच पाहिजे." सगळ्यांत आधी हात तुझा वर गेला होता. सगळ्यांच्या प्रती आल्यावर पोस्टमास्तरांनी कुरकुर केली की मी वाचलेलं पान पन्नासावं नव्हतंच, त्रेपन्नावं होतं. सगळ्यांनी माझी टर उडवली, की चष्मेवालीलाच आकडे दिसेनासे झाले. मीही हसले. तू हसली नाहीस. तू नुसती माझ्याकडे बघत होतीस.

त्या कादंबरीत पुढे काय होतं ते तुला सांगायला नको. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ती मुलगी आईशी भांडून निघालेली असते. काही वर्षांनी ती एका दुपारी घरी येते, तेव्हा आई घरात नसते. ती जपून ठेवलेली किल्ली काढते, आणि किल्ली लागत नाही. आईनं कुलूप बदललेलं असतं. मुलगी पायरीवर थोडा वेळ बसते आणि आल्या वाटेनं निघून जाते. कादंबरी तिथेच संपते. चर्चेच्या रविवारी डॉक्टरीणबाई बिस्किटाचा तुकडा हातात तसाच धरून तावातावानं बोलल्या. असली कसली आई, म्हणाल्या, पोटची पोर परत येऊ नये म्हणून कुलूप बदलते! अशा बाईकडे कोण कशाला येईल? पोस्टमास्तर म्हणाले, पोरीनं थांबायला हवं होतं, संध्याकाळ होईतो बसायला काय झालं होतं? जाऊबाईंनी शेवट वाचलाच नव्हता, त्यामुळे त्यांना धक्का बसला. या तिघांना काय माहीत? त्यांच्या लेखी तुझी लेक बारकी लांबच्या गावी मोठ्या नोकरीत आहे आणि तिला सुट्टी मिळत नाही. सात वर्षं तू हेच सांगत आलीस, आणि तू सांगताना मी शेजारी बसून मान डोलावत आले.

तू कप खाली ठेवलास. बशीवर बरोबर मधोमध बसवलास. आणि कुणाकडेही न बघता म्हणालीस, "कुलूप बिघडलं असेल." एवढंच. मग पिशवी उचललीस, गॅस चालू राहिलाय म्हणालीस आणि गेलीस. बाकीच्यांना वाटलं, तू कादंबरीतल्या बाईची बाजू घेतेस. त्या वाक्याचा अर्थ त्या खोलीत फक्त मला कळला. कारण चार वर्षांपूर्वी तुझ्या दाराचं कुलूप खरंच बिघडलं, तेव्हा मी तुझ्याकडे होते. किल्ली आत अडकून तुटली होती आणि कुलूपवाला अख्खं कुलूप उचकटून काढत होता. तू त्याला विचारलंस, "जुन्याच किल्लीनं उघडेल असं नवीन बसवता येईल का?" तो हसला. म्हणाला, "बाई, मग नवीन कशाला बसवायचं?" त्यानं तीन किल्ल्या दिल्या. एक तू पर्समध्ये टाकलीस, एक मला दिलीस, आणि तिसरी हातात घेऊन स्वयंपाकघरापर्यंत गेलीस आणि परत आलीस. ती कुठे ठेवावी हे तुला सुचत नव्हतं.

बारकी गेली तो दिवसही मला तसाच दिसतो. तू कापायच्या टेबलाजवळ, कागदाचा नमुना पिनांनी कापडावर लावत होतीस. तिनं सांगितलं की शिक्षण तिसऱ्या वर्षाला सोडतेय आणि वाद्यं दुरुस्त करायला शिकायला जातेय, तिकडे तिला घेतलंय. तिचे वडील गेल्यापासून तू एकटीनं तिला वाढवलंस, तिच्या नावापुढे डॉक्टर लागलेलं बघायचं हे एकच तुझ्या डोक्यात होतं. तू पिना लावतच राहिलीस. आवाजसुद्धा चढवला नाहीस. म्हणालीस, "या दारातून गेलीस तर मला मुलगी नाही." मी तिथेच वेताच्या मोड्यावर बसले होते. मी तेव्हा मध्ये पडायला हवं होतं. मला वाटलं, दोघी एकाच मातीच्या आहेत, संध्याकाळपर्यंत निवळेल. तिनं तुझा शब्द धरला आणि तू स्वतःचा. त्यानंतर तुला रडताना मी पाहिलेलं नाही. तू वर्गाच्या दोन तुकड्या केल्यास, मग तीन. तिच्या खोलीत शिवणयंत्रं आली. विचारलं तर म्हणायचीस, जागा लागत होती.

मागच्या महिन्यात मी तुझ्याकडे आले होते. मला तू दारातून वाटेला लावलं नाहीस, एवढं खरं. आत घेतलंस, पाणी दिलंस, आणि माझ्या कोटाची बाही लांब झालीय म्हणून तिथल्या तिथे दुमडून टाके घातलेस. मी समोर उभी, हात पुढे, आणि तू तोंडात पिना धरलेल्या. तोंडात पिना असताना बोलायचं नसतं, हे कारण तुला सात वर्षं पुरलंय. तुझे हात गार होते. तुझ्याकडे बघताना मला काहीतरी वाटायला हवं होतं आणि काही वाटत नव्हतं, म्हणून मी बाहीकडे बघत राहिले. सगळं सांगायचं ठरवून आले होते. न सांगता परत गेले.

आता सांगते. ती कादंबरी मी आधीच वाचली होती, दोनदा. पन्नासाव्या पानावर हॉटेलच्या मालकाचं वर्णन आहे, ते ऐकून कुणालाच पुढे वाचावंसं वाटलं नसतं, म्हणून मी मुद्दाम त्रेपन्नावं वाचलं. त्या उशीच्या अभ्र्यावर तू अडकशील हे मला पक्कं ठाऊक होतं. तुला एरवी हातात पुस्तक दिलं तर म्हणतेस, कात्री ठेवू की पुस्तक धरू. मंडळाचं म्हणूनच काय ते वाचतेस. म्हणून मी माझी निवड वापरली आणि तुझाच नियम मोडला. आणि ती कादंबरी माझ्याकडे टपालानं आली होती. बारकीकडून.

दोन वर्षांपूर्वी तिचा चष्मा फुटला. लहानपणापासून तिचे डोळे मीच तपासत आलेय, तिचा नंबर माझ्या वहीत. तिनं चिठ्ठी लिहून तो मागवला, आणि खाली एक ओळ: मावशी, आईला सांगू नकोस. मी नंबर कळवला आणि कबूल केलं. मला वाटलं, एवढा धागा तरी राहील. मग दर दोन-तीन महिन्यांनी पत्र यायला लागलं. ती वाद्यांच्या कारखान्यात आहे, लाकूड तासते, तारा बसवते, एकटी राहते, तब्येत ठीक आहे. बारीक काम करून तिचा नंबर वाढलाय, उजव्या डोळ्याचा जास्त. दर पत्रानंतर मी तुझ्याकडे यायचे, चहा प्यायचे आणि गप्प बसायचे. पहिल्या वेळी रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या वेळी लागली. मग तुझ्यासमोर बसून तुझ्या मुलीची खुशाली पोटात ठेवायची सवयच झाली, आणि त्या सवयीनं बाकीचंही सगळं बधिर होत गेलं. मी तिला दिलेला शब्द पाळत होते, असं स्वतःला सांगायचे. खरं सांगायचं तर मला तुझा राग सोसायचा नव्हता. मग ती कादंबरी आली. सोबत लिहिलं होतं: हे आईला वाचायला दे. त्या मुलीबद्दल ती काय म्हणते ते मला कळव. शब्द बदलू नकोस.

मी कळवलं. तू त्या मुलीबद्दल काहीच म्हणाली नव्हतीस. कुलूप बिघडलं असेल, एवढंच म्हणाली होतीस. तेच लिहिलं, आणि खाली कुलूपवाल्याची सगळी हकिगत लिहिली, तू त्याला काय विचारलंस ते आणि तिसरी किल्ली हातात घेऊन तू कशी फिरत होतीस तेही. बरेच दिवस उत्तर आलं नाही. मंगळवारी आलं. सुरुवातीलाच लिहिलंय, "मावशी, मी आले होते." तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, तू वर्गाचं सामान आणायला गेली असशील तेव्हा. किल्ली लागली नाही. ती पायरीवर बसली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. तीन वर्षं तिला वाटत होतं की ते कुलूप तिच्यासाठी बदललं होतं. हे वाचलं तेव्हा मी दुकानात होते, समोर एक बाई चाचणीची फ्रेम लावून बसली होती. मी तिला म्हटलं जरा थांबा, आत गेले आणि मोठ्यानं रडले. कित्येक महिन्यांनी रडले. टेप, त्या रविवारी कप खाली ठेवताना तुझ्या मनात हेच आलं होतं का, की ती येऊन गेली असेल?

हे पत्र मी लिहितेय ते यासाठी. येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता ती माझ्या दुकानात डोळे तपासायला येतेय. आईला सांगू नकोस असं तिनं या वेळीही लिहिलंय, दोनदा, आणि दुसऱ्यांदा लिहून खोडलंय. तुमच्या दोघींचे शब्द इकडून तिकडे नेण्यात मी दोन वर्षं घालवली, आता मला ते करायचं नाही. माझ्यावर रागव, माझी किल्ली परत माग, मंडळ सोड, मी सगळं ऐकून घेईन, पण ते शुक्रवारी. मागची खोली मी रिकामी ठेवीन आणि शटर अर्धं खाली घेईन. तू येशील असं मी तिला सांगितलेलं नाही. ये.

तुझीच,
भिंग